फुंकलेली गोटी

नोव्हेंबर सरत आला की आर्वी रस्त्याच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागतात. कापसाने फुगलेले टेम्पो त्यांना घासून जातात आणि काट्यांना पुंजके अडकून राहतात. मी बोरगाव मेघ्यात राहतो, शाळेत शिकवतो. शेती आता काका बघतात, त्यामुळे कापूस वेचायला लागला की नाही हे मला कुणी सांगत नाही. शाळेच्या कामाने कधी त्या रस्त्याने गेलो की बाभळी सांगतात. मग दोन-तीन दिवस नाकात सरकीचा वास असल्यासारखं वाटतं. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या आवारात येतो तसा, किंचित तेलकट, किंचित धुळीचा.

यंदा त्याच दिवसांत आम्ही घरी संगणक घेतला. माझी मुलगी तन्वी सहावीत आहे. तिने पहिल्याच आठवड्यात त्यात चेकर्स नावाचा खेळ शोधून काढला. काळ्या-लाल चौकटी, गोल सोंगट्या, तिरपं चालायचं, समोरच्याच्या सोंगटीवरून उडी मारून ती खायची. एका संध्याकाळी तिने मला हाक मारली आणि माऊस बिघडला म्हणून सांगितलं. मी जाऊन पाहिलं. माऊस ठीक होता. तिला कोपऱ्यातली सोंगटी हलवायची होती, पण मधल्या सोंगटीसमोर मारण्यासारखं होतं. मारायची संधी असली की मारलंच पाहिजे असा त्या खेळाचा नियम आहे, आणि ती मारेपर्यंत संगणक दुसरी कुठलीच सोंगटी हलू देत नाही.

"पण मला नाही मारायची," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की आमच्याही खेळात हाच नियम होता, फक्त आमच्याकडे न मारता येत असे. मग काय व्हायचं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मग गोटी फुंकायचे. तिला ते काहीतरीच वाटलं. ती हसली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

आमचा खेळ बारा गोटीचा. पाच उभ्या रेघा, पाच आडव्या, त्यांना छेदणाऱ्या तिरप्या. दोघांच्या बारा-बारा गोट्या मांडल्या की मधलं एकच घर रिकामं उरतं, आणि सगळा डाव त्या एका घरातून सुरू होतो. पट लागत नाही, डबी लागत नाही. कोळसा किंवा विटेचा तुकडा आणि सपाट जागा एवढं पुरतं. एकाने रस्त्याकडेची बारीक गिट्टी घ्यायची, दुसऱ्याने पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाळक्या काडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. गावागावात नियम थोडे वेगळे असतात, हे मला कापसाच्या रांगेत कळलं. त्याआधी मी फक्त आमच्या गावातल्या पोरांशी खेळलो होतो आणि आमचे नियम म्हणजे जगाचे नियम असं समजत होतो.

ती रांग आताच्या मुलांना सांगून पटत नाही. तेव्हा कापूस सरकारच घ्यायचं. वर्ध्याबाहेरच्या जिनिंगच्या फाटकापासून बैलबंड्या उभ्या राहायच्या, त्या मागे पुलाच्याही पलीकडे जायच्या. आवारात कापसाच्या गंजी लागल्या आणि जागा संपली की वजनाचा काटा बंद. काटा बंद म्हणजे रांग जागच्या जागी. बैल सोडून चाकाला बांधायचे, त्यांच्यापुढे कुटार टाकायचं आणि बसायचं. सकाळी तुरीच्या काड्यांचा धूर रांगभर तरंगायचा. कुणी तीन दगडांवर चहा ठेवायचा, कुणी मिठाच्या पाण्यात तुरीच्या शेंगा उकडायचा. कापसावर झोपायला मऊ लागतं, पण दव पडलं की वरचा थर गार होतो आणि पाठ मात्र उबेत राहते. अशी झोप मला पुढे कुठल्याच गादीवर लागली नाही.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, म्हणजे एका अर्थी नव्हतोही. उन्हाळी परीक्षेत बाकी सगळे विषय निघाले होते, आवश्यक इंग्रजी राहिलं होतं. हिवाळी परीक्षेत तो एक पेपर द्यायचा होता. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वर्ष गेलं म्हणून बाबा एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्यांनी एकदा मला विचारलं होतं, हा पेपर कितीदा देता येते. या खेपेला नाही निघाला तर मी शेतीवर राहायचं असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. कुणी तसं म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्त पक्कं होतं.

त्या हंगामात बाबा तापाने पडले आणि बंडी घेऊन मला यावं लागलं. कापसावर सायकल बांधली, पुस्तक पिशवीत टाकलं. पेपर शुक्रवारी होता. तोवर कापूस विकून होईल असा हिशेब होता.

माझ्या मागची बंडी दिलीपची. तो आंजीचा, माझ्याच वयाचा. दहावीनंतर त्याने शाळा सोडली होती. त्याच्या मागे पवनारकडचे नथ्थूजी, साठीचे, डोक्याला दुपट्टा, गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. रांगेचा कारभार त्यांच्याकडे होता. त्यांना तो कुणी दिला नव्हता. पण भांडण झालं की सगळे त्यांच्याकडे बघायचे. रांगेचा नियम होता, एक माणूस, एक बंडी. आधी काही जण एकट्याने चार-चार बंड्यांचे नंबर धरून ठेवायचे, बाकीचे घरी जाऊन जेवून यायचे, त्यावरून मारामाऱ्या झाल्या होत्या. म्हणून हा नियम. पुकारा झाला तेव्हा बंडीपाशी माणूस नसेल, तर बंडी शेवटी न्यायची आणि मागच्याने पुढे जायचं. पुलापलीकडच्या त्या टोकाला सगळे शेपूट म्हणायचे.

पुलाचा कठडा रुंद आणि गुळगुळीत होता. दिलीपने त्यावर विटेने रेघा ओढल्या आणि मला खेळायला बोलावलं. पहिल्याच डावात समोर मारायची गोटी असताना मी दुसरीच चाल केली. मला मागचं घर सांभाळायचं होतं. दिलीपने माझी ती न मारणारी गोटी उचलली, तळहातावर ठेवली, तिच्यावर फुंकर घातली आणि बाजूला टाकली. मी विचारलं, हे काय. तेव्हा नथ्थूजींनी नियम सांगितला. मारायची दिसली आणि मारली नाही, तर ती गोटी फुंकली जाते. विसरून नाही मारली तरी, मुद्दाम नाही मारली तरी. आमच्या गावात असं नव्हतं. आमच्याकडे नाही मारली तर नाही मारली.

फुंकर महत्त्वाची होती. नुसती उचललेली गोटी मेली असं धरायचं नाही. एकदा नथ्थूजींनी माझी गोटी उचलली आणि तोंडात खर्रा असल्यामुळे त्यांना फुंकताच येईना. दिलीप म्हणाला, "काकाजी, फुकल्याशिवाय गोटी मरत नाई. आधी थुका." नथ्थूजी उठले, पुलाच्या कडेला जाऊन थुंकून आले, दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि मग त्यांनी रीतसर फुंकर मारली. आजूबाजूच्या बंड्यांवरचे लोक हे सगळं न हसता बघत होते, म्हणून आम्हालाच हसू आवरेना.

डाव नसला की मी कापसावर बसून इंग्रजी वाचायचो. दिलीप म्हणायचा, "मोठ्यानं वाच ना लेका, बैलायलेही कळू दे." मी वाचायचो. नथ्थूजी मध्येच विचारायचे, याचं मराठीत काय झालं. मला सांगता आलं नाही तर मी पुन्हा वाचायचो. गंमत अशी की त्यांच्या विचारण्यामुळे माझे अर्ध्याहून अधिक धडे पक्के झाले. दिलीपचीही चेष्टा व्हायची, ती वेगळ्या कारणाने. येत्या रविवारी त्याच्या घरचे त्याला देवळीकडे मुलगी दाखवायला नेणार होते. त्याने नवा शर्ट घेतला होता आणि तो बंडीतच, पिशवीत ठेवला होता, कारण काटा उशिरा झाला तर इथूनच परस्पर जावं लागेल. नथ्थूजी म्हणायचे, "शर्टाले सरकीचा वास येऊन राह्यला रे. पोरीचा बाप समजन, कापूस तपासाले ग्रेडर आला." दिलीप ऐकून घ्यायचा. रोज एकदा पिशवीत हात घालून शर्ट आहे ना बघायचा.

काटा बंदच राहिला. गुरुवारी संध्याकाळी फाटकावरच्या माणसाने येऊन सांगितलं की उद्या काही सुरू होणार नाही, शनिवारी बघू. मला हायसं वाटलं. पेपराचा दिवस मोकळा मिळाला. मी सकाळी सायकल काढली, बाबांच्या नावाचे कापूसविक्रीचे कागद बंडीतल्या पिशवीतच ठेवले, बैलांना पाणी दाखवायला दिलीपला सांगितलं. तो म्हणाला, "जाय तू. बैलं काई इंग्रजी मांगत नाई." नथ्थूजींनी हात वर केला. एवढंच.

पेपरात नळाला पाणी नियमित येत नसल्याबद्दल नगरपालिकेला तक्रारीचं पत्र लिहायचं होतं. आमच्या गावात नळच नव्हता. तरी मी पत्र लिहिलं, आणि ते लिहिताना लक्षात आलं की वाक्यं आपोआप येत आहेत, रांगेत मोठ्याने वाचल्यासारखी. वर्गाच्या खिडकीतून चिंचेचं झाड दिसत होतं. पेपर संपल्यावर मी थोडा वेळ त्या झाडाखाली उभा राहिलो. पेपर बरा गेला होता. इतका बरा, की तसं स्वतःशी म्हणायचीही भीती वाटत होती.

परतताना जिनिंगच्या फाटकाशी गर्दी दिसली आणि माझे पाय पेडलवर थांबले. काटा सुरू झाला होता. दुपारी अचानक कापसाच्या गाठी न्यायला ट्रक आले, आवारात जागा झाली आणि पुकारा सुरू झाला. पुलाजवळ जिथे आम्ही उभे होतो तिथे अनोळखी बंड्या होत्या. माझी नव्हती. मी समजलो, ती शेपटाला गेली. बाबांचा ताप, घरी वाट बघणारी माय, पुन्हा सगळी रांग, हे सगळं एकदम डोक्यात आलं. मी सायकल हातात धरून रांगेच्या कडेने मागे चालत गेलो, एकेक बंडी बघत. अगदी शेवटी दिलीपची बंडी होती. त्याचे बैल सोडलेले होते, पुढ्यात कुटार होतं. दिलीप नव्हता. माझी बंडीही नव्हती.

मी तिथे उभा होतो तेव्हा फाटकाकडून एक रिकामी बंडी येताना दिसली. बैल माझे होते, हाकणारा दिलीप. त्याने बंडी माझ्यापाशी थांबवली, खाली उतरला, बाबांचे कागद आणि पावती माझ्या हातात दिली. नथ्थूजींचा काटा झाला होता, तेही त्याच्या मागून आपली रिकामी बंडी घेऊन आले. काय झालं ते त्यांनीच सांगितलं. पुकारा आधी माझा झाला. दिलीप उठला, माझे बैल जुंपले आणि आत गेला. आत वजन आणि खाली करणं चालू असताना बाहेर त्याच्या नंबरचा पुकारा झाला. बंडीपाशी माणूस नव्हता.

"मंग मीच पाठवली त्याची बंडी शेपटाले," नथ्थूजी म्हणाले. "एक माणूस, एक बंडी. मी थांबवलं होतं त्याले. म्हटलं, त्याची जाऊ दे मांगं, तुहा नंबर लागूनच हाये. आयकलं नाई."

त्यांच्या बोलण्यात दिलगिरी नव्हती आणि राग पण नव्हता. त्यांनी दिलीपकडे बघितलं, खर्रा थुंकला, आपला रिकामा तळहात पुढे धरला आणि त्यावर फुंकर मारली.

दिलीप हसला. "फुका, काकाजी," तो म्हणाला. "एक गोटी गेली. डाव थोडी सरला?"

मी त्याला म्हटलं की मी थांबतो तुझ्या बंडीपाशी, तू रविवारी जा. तो म्हणाला, "तुह्या बाबाले ताप हाये. बंडी घेऊन घरी जाय. रविवारपर्यंत लागते नंबर." मग त्याने पेपर कसा गेला ते विचारलं. मी बरा गेला म्हटलं. तो म्हणाला, बैलायले सांगजो. आमच्याकडे मित्राला धन्यवाद म्हणायची रीत नाही. तो शब्द भाषणात वापरतात. मी बंडीला सायकल बांधली आणि निघालो. मागे वळून पाहिलं तेव्हा तो कठड्यावर नव्या माणसाला रेघा समजावून सांगत होता.

फेब्रुवारीत निकाल लागला. बाबांनी गुणपत्रिका हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि मायजवळ दिली. तिने ती देवाजवळ ठेवली, नंतर उंदीर लागतील म्हणून पिठाच्या डब्यावर ठेवली. पुढे बी.एड. झालं, नोकरी लागली, बाबांना माझी शाळा दाखवता आली. मी आज ज्या घरात बसून हे लिहितो आहे त्याच्या मागे बरीच माणसं आहेत. शिक्षक आहेत, पुस्तकं देणारे आहेत, जेवायला घालणारे आहेत. त्यांची नावं मी कार्यक्रमांत घेत असतो. दिलीपचं नाव तिथे घेता येत नाही, कारण सांगायला लागलो की आधी बारा गोटीचे नियम सांगावे लागतात.

रविवारी नंबर लागला नव्हता, हे मला दोन वर्षांनी त्याच्या लग्नात कळलं. काटा शनिवारीही चालला, रविवारीही चालला, रांग हळूहळू सरकत राहिली आणि तो बंडी सोडू शकला नाही. मुलगी बघायला त्याचे वडील आणि काका गेले. मुलगाच आला नाही, म्हणजे त्याच्या मनात नाही, असं मुलीकडच्यांनी धरलं, आणि ते स्थळ गेलं. नवा शर्ट त्याने पुढे पोळ्याला घातला. हे सांगितलं त्याच्या काकांनी, मला वाढताना, सहज. समोर दिलीप मुंडावळ्या बांधून पंगतीतून फिरत होता आणि मला आग्रह करत होता.

गेल्या रविवारी तन्वीला घेऊन मी आंजीला गेलो. संगणकाच्या त्या प्रसंगानंतर तिने दोन-तीनदा विचारलं होतं की फुंकतात म्हणजे नक्की काय करतात. रस्ता आता रुंद झाला आहे. तो पूल पाडून नवा केला, त्याला लोखंडी कठडे आहेत, त्यांवर रेघा ओढता येत नाहीत. तशी सरकारी खरेदी थांबली, व्यापारी गावातूनच कापूस उचलतात, बंड्यांची रांग लागत नाही. ते बरंच झालं. थंडीत दिवसच्या दिवस रस्त्यावर काढण्यात काही सुख नव्हतं, हे मला लिहिताना विसरायला होतं. त्या रांगेत बैल आजारी पडायचे, माणसंही पडायची. मला आठवतो तो मऊ कापूस आणि शेंगांची वाफ, कारण मी त्या रांगेतून बाहेर पडलो.

दिलीपच्या केसांत आता पांढरं आलंय. ओट्यावर कापसाचा ढीग होता, त्याची बायको वंदनावहिनी किडका कापूस, म्हणजे कवडी, वेचून बाजूला काढत होती. चहा झाल्यावर मी एवढ्या वर्षांनी तो विषय काढला. मी म्हणालो की त्या दिवशी तू माझी बंडी आत नेलीस त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही. दिलीपने कानामागे खाजवलं आणि कापसाच्या ढिगाकडे बघितलं. वहिनी मात्र मान वर न करता म्हणाल्या, "काई बोलाचं नाई, भाऊजी. तुमचा पेपर नसता तं ते देवळीची आली असती इथं. मी कुठीसा असती, देव जाने." दिलीप म्हणाला, "मी बी तेच इचार करतो कधी कधी." वहिनींनी त्याच्या अंगावर कवडीचा कापूस फेकला.

मग त्याने तन्वीसाठी चुलीतला कोळसा आणला आणि फरशीवर पट आखला. गिट्टी त्याने घेतली, पऱ्हाटीच्या काड्या तिला दिल्या. तन्वी चटकन शिकली, उड्या तिला माहीतच होत्या. पाच-सहा चालींनंतर तिच्यासमोर मारायची गोटी आली. मला ती दिसली, दिलीपलाही दिसली. तन्वीने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"काका, ही मारलीच पाहिजे का?"

"मारलीच पायजे असं नाई," दिलीप म्हणाला. "पण नाई मारली तं तुही गोटी जाते. पाह्य मंग तू."

तिने थोडा विचार केला आणि दुसरीच काडी उचलून कडेच्या घरात सरकवली. मी तिला 'काऊन?' असं विचारलं. घरी मी असं बोलत नाही, तिथे तोंडातून तसंच आलं.

"मला फुंकताना बघायचंय," ती म्हणाली.

दिलीपने तिची न मारलेली काडी उचलली. ती त्याने तळहाताच्या मधोमध ठेवली, तन्वीच्या तोंडासमोर हात नेला आणि हलकेच फुंकर मारली. काडीला चिकटलेला कापसाचा एक तंतू उडाला आणि खाली बसायला त्याने बराच वेळ घेतला. तन्वी त्याच्याकडे बघत राहिली.

दिलीपने काडी बाजूला ठेवली आणि पटाकडे बोट केलं. "आता चाल माही," तो म्हणाला.